रेघेपासून खाली

मिणचेकर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही रेघ आधी पुसा.
गॅरेजच्या तिन्ही भिंतींवर, माझ्या छातीला लागेल अशी,
मळकट, पुरानं ओढलेली.
मी म्हणालो, बाई, कोबा होईस्तोवर राहू दे.
एवढी नेमकी लेव्हल
माझ्या पाइपनंबी निघत न्हाई.

पाच दिवस पाणी इथं मुक्कामाला होतं.
दुधाळीच्या अंगानं आलं, शटरखालनं शिरलं,
सासऱ्यांची राजदूत आडवी केली,
लोणच्याच्या बरण्या तरंगवल्या, पाळणा भिंतीला लावला,
आणि जाताना कोब्याखालची माती घेऊन गेलं.
आता टाच मारली की ढब् वाजतं.

फोडायच्या आधी टेप लावला.
रेघेपासून खाली, शटरपाशी, चार फूट सात.
मधोमध चार सात आणि दोन सूत.
मागच्या कोपऱ्यात चार दहा.
रोहिदासनं परत मोजलं. चार दहाच.

ब्रेकर चालला. शुक्रवार पेठेतल्या कपबश्या वाजल्या असतील.
ढलप्या निघाल्या, तीन इंच, कुठं अडीच,
आणि कोपऱ्यात सव्वा.
फरसाणातल्या पापडीगत हातात मोडली.
बाई म्हणाल्या, पाण्यानं खाल्लं की हो सगळं.
मी हो म्हणालो नाही.
नाहीही म्हणालो नाही.
लगमव्वाला म्हणालो, घमेलं भर.

तो कोपरा माझ्या ओळखीचा.
एकोणीस वर्षांमागं, पाडव्याच्या आदल्या रात्री,
दस्तगीर उस्तादांच्या हाताखाली मी बिगारी.
सकाळी हार घालून गाडी यायची होती.
उस्ताद जेवायला गेलेले. माल संपत आलेला.
सोलिंगचे दगड उभे रचायचे असतात, एकाला एक दाटून.
मी आडवे टाकले.
मुरमावर धुम्मस मारलाच नाही, मालक झोपलेत म्हणून,
असं तेव्हा स्वतःला सांगितलं.
उरलेला माल ओढून ताणून कोपऱ्यापर्यंत नेला,
वर नीरू सोडली, आणि घोटत बसलो,
घोटत बसलो,
बल्ब उलटा दिसेपर्यंत.
उस्ताद आले. चपला काढून उंबऱ्यातच थांबले.
म्हणाले, बारक्या, हात बसला तुझा.
त्या रात्रीपासून मी मिस्त्री.

काळी माती दीड फूट उपसली.
दगड उभे. मुरूम दोन थरांत, पाणी मारून, धुम्मस मारून,
बाजूच्या घरातनं कोण ओरडलं तरी.
प्लास्टिक अंथरलं, सळईची जाळी बांधली,
टोपच्या खाणीची खडी, कच, सिमेंट.
रेघेपासून खाली मोजून खुणा केल्या:
मागं चार सहा, शटरपाशी चार साडेसात.
दीड इंचाचा ढाळ, बाहेरच्या बाजूला.
पुढच्या पाण्याला निघायची वाट
त्याच्याच रेघेवरनं काढून दिली.

बाईंना म्हणालो, आता एकवीस दिवस गाडी नको,
आळी बांधून पाणी साठवायचं, सुकू द्यायचं नाही.
त्या हसल्या. म्हणाल्या, पाणी काढायला बोलावलं तुम्हाला,
आणि तुम्ही भरायला सांगताय.
मग बिल वाचलं. हे कमी कसं?
मागच्या कोपऱ्याची मजुरी धरली न्हाई, मी म्हणालो.
का?
ती मागंच घेतलीया.
त्या चष्म्यावरनं बघत राहिल्या. पुढं विचारलं नाही,
मला वाटतं, डॉक्टर असल्यामुळं.

पण हे नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी
शेवटचा हात रोहिदास मारत होता, त्याच कोपऱ्यात,
फळीवर उकिडवा, थापी तिरकी धरून.
बल्ब उतरला होता खाली, त्याच्या कोब्यात.
त्यानं मान वर केली आणि थांबला.
कशासाठी थांबलाय, ते मला कळत होतं.

मी सळईचा तुकडा उचलला
आणि त्या चकचकीत कोपऱ्यात खुपसला.
बाहेर काढून नखानं खूण धरली. टेप लावला.
चार इंच. वर एक सूत.

पोरगं भोकाकडं बघत होतं.
बुजव ते, म्हणालो. मग जेवू.