माझ्या नसण्याचे दहा गुंठे

तलाठ्यानं चष्मा कपाळावर सारला
न् विचारलं, मयताला मूलबाळ?
अम्मीनं माझ्याकडं पाहिलं.
मी खिडकीबाहेर.
पऱ्हाट्यांची बंडी चालली होती, एक चाक करकरत.

नाही, असं लिहिलं गेलं.

मी चार वर्षांची, अम्मीचं बोट धरून
पिंपळखुट्यात आले तेव्हा
गल्लीनं नाव ठेवलं गेलडी.
हाशम पिंजारी धुनकी खाली ठेवून म्हणाला,
कापूस कोनाच्या वावरातला
हे दुलईले इचारता का बाप्पा?

शाळेत गुरुजींनी 'वडील' खोडून 'पालक' केलं.
खाली त्याचा अंगठा, निळा,
रेघांमध्ये रुईची तूस चिकटलेली.
पालक व्हायलाही कोर्टात अर्ज लागतो,
दारव्ह्याच्या वकिलानं फार उशिरा सांगितलं.
तोवर तो चौदा वर्षं
विनाअर्ज माझा ताप मोजत बसला होता.

निकाहला काझीसाहेबांनी वली विचारला.
मूर्तिजापूरहून सख्खा चुलता आला, आयुष्यात पहिल्यांदा,
न् माझ्या मैत्रिणीच्याच डोक्यावर हात ठेवला.
बाबा मंडपाच्या बल्लीला टेकून.
रक्त त्याहिचं, म्हणाला,
न् पाण्याचा जग घेऊन पंगतीत शिरला.

किताबात एक गोष्ट मात्र साफ लिहिलेली:
बायकोची मुलगी या माणसाला कायमची हराम.
म्हणून त्याच्यापुढं ओढणी सावरायची गरज नव्हती.
वकिलाच्या जाड पुस्तकातही
लग्नाला मनाई असलेल्या नात्यांत तो होता,
आईचा नवरा.
एवढ्यापुरती, फक्त एवढ्यापुरतीच
दोन्ही कायद्यांनी मी त्याची पोट्टी मानली.

मूल असतं तर बेवेला आठवा हिस्सा.
मूल नाही, म्हणून चौथा.
बाकी बाळापूरच्या पुतण्याचं.
दोन एकर बरड,
दहा गुंठ्यांचे वीस झाले.
तलाठी अम्मीला म्हणाला,
फायदाच झाला की बाई तुमचा.

धुनकी कुठल्याच कागदात नव्हती.
पुतण्यानं उलटीपालटी करून विचारलं,
हे काय वाजवायचं आहे का?
मी उचलली न् एसटीत मांडीवर घेऊन बसले.
कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं.

यंदा अम्मीनं तिथं तूर लावली.
ती शाळेत गेली नाही, पण हिशोबाची पक्की.
शेंगा तोडते,
न् बरोबर अर्ध्या
माझ्याकडं पाठवते.