शून्य म्हणजे कायम

तुर्कू. बंदरामागे, दोरखंडाच्या जुन्या कारखान्यात आमचं ऑफिस.
रात्रीचे दोन. बाहेर उणे एकोणीस.
राइली हाउताला बूट काढून लोकरी मोज्यांवर बसली आहे
आणि सी-मधली ती चारशे ओळींची फाइल
पुन्हा वरून वाचते आहे,
माशातला काटा जिभेनं शोधावा तशी.

सकाळी लिल्लहोल्म बेटावरून फोन होता.
टोर्वाल्ड नावाचा कुणी. आवाज चढलेला नव्हता.
"तुमच्या पडद्यावर सव्वासातची बोट आहे," म्हणाला,
"समुद्रात नाही."
दीड तास तो धक्क्यावर उभा होता,
घोंगडीत गुंडाळलेली आजारी कुत्री घेऊन.
बर्फ धरल्यापासून ती बोट बंद आहे
हे समुद्राला ठाऊक होतं, डेटाबेसला ठाऊक होतं,
मधल्या स्मरणाला नव्हतं.

मधलं स्मरण म्हणजे सात सर्व्हर,
एका ओळीत, निळे दिवे लावून.
त्यांची आपसात ओळख नाही.
एक गेला तर बाकीचे सुतक पाळत नाहीत.
कुठली गोष्ट कुणाकडे ठेवली
हे फक्त ठेवणाऱ्याला माहीत,
म्हणजे लायब्ररीला. ती किल्ली घेते,
किल्लीचा आकडा करते, आकड्यावरून दार ठरवते.
किल्लीत मोकळी जागा चालत नाही.
अडीचशे अक्षरांत बसेल तेवढंच नाव.

मी नवीन होतो तेव्हा राइलीनं शिकवलं होतं,
"सापडलं नाही" हा दोष नाही, उत्तर आहे.
तेवढं ऐकलं की लांबच्या रस्त्यानं जायचं,
डेटाबेसचं दार वाजवायचं, खरं काय ते आणायचं.
भ्यायचं ते सापडलेल्याला.

दोन वाजून चाळीस. तिचं बोट पडद्यावर थांबलं.
दोनशे सतराव्या ओळीत, मुदतीच्या जागी
एक शून्य.
शेजारी टिपणात आद्याक्षरं: रा. हा.
अकरा वर्षांपूर्वीची.

"आधी साठ दिवस लिहिले होते मी," ती म्हणाली.
"ठेवलं की गायब. ठेवलं की गायब."
तीस दिवसांच्या पुढचा आकडा
तो सर्व्हर मुदत मानत नाही, तारीख मानतो,
आणि मोजायला लागतो एकोणीसशे सत्तरच्या पहिल्या पहाटेपासून.
साठ दिवस म्हणजे त्या सालचा दोन मार्च.
राइली जन्मायला अजून पाच महिने होते.
जे तेव्हाच संपलं ते आज कोण सांभाळेल?
शुक्रवार होता, संध्याकाळ होती, सौना तापत होता.
तिनं शून्य लिहिलं.
शून्य म्हणजे कायम.

मग अकरा वर्षं कसं चाललं?
मी विचारलं आणि मलाच आठवलं:
जागा कमी होती. नवं आलं की
कुणी विचारलं नाही असं जुनं निमूट बाहेर पडायचं.
त्या अडचणीनंच आम्हाला खरं ठेवलं होतं.
या ऑक्टोबरात आम्ही मेमरी दुप्पट केली,
केक कापला.
विसरायला कारणच उरलं नाही.

राइलीनं शून्य खोडून नऊशे लिहिले.
पंधरा मिनिटं.
आद्याक्षरं तशीच ठेवली, खाली आजची तारीख घातली.
मग किल्ली विचारली: लिल्लहोल्म, सव्वासात.
सापडलं नाही.
ती खुर्चीत मागे रेलली, जशी कुणी घरी आल्यावर रेलते.
दुसऱ्यांदा विचारलं. या वेळी सापडलं,
खालच्या मजल्यावरून नुकतं आलेलं:
बोट नाही, पुढील सूचनेपर्यंत.

कुत्री जगली. शेजारणीनं स्नो-स्कूटरवर
बर्फावरून पलीकडे नेली होती.
ते आम्हाला सकाळी कळलं.

तेव्हा, पावणेतीनला, मी फक्त एवढं विचारलं:
लायब्ररी जे हातात देते ते परत घेत नाही,
आपलं आपण मोकळं करायचं असतं,
ती ओळ लिहिली आहेस ना?
राइलीनं फाइल खाली सरकवली. ओळ होती.
"ती तेव्हाही लिहिली होती," म्हणाली,
आणि बुटात पाय घातले.