सहा चौकटी

नरडाण्याच्या थैलीतून परिपत्रक आलं तेव्हा
मी सातवीला भागाकार शिकवत होतो.
शाळा सकाळची, डाकघर दुपारचं,
टेबल तेच. खडूच्या जागी शिक्का, एवढंच.

पंधरा ऑगस्टपासून, लिहिलं होतं,
प्रत्येक डाकघराला सहा आकडे.
चार म्हणजे आपला मुलूख,
चारशे पंचवीस म्हणजे छाटणीचा जिल्हा,
आणि शेवटचे तीन म्हणजे
हे टेबल, लाखेची कांडी, अन् मी.

त्या साली आभाळ कोरडं, गाव खडी फोडायला.
आकडा म्हटला की लोकांना हजेरीपट आठवे.
पहिलं जतन भिलानं विचारलं,
"मास्तर, या नंबरवर मिलो भेटी का?"
नाही म्हटलं.
तो उठून कामावर गेला.
नंतरच्या सगळ्या प्रश्नांत
एवढा सरळ प्रश्न कुणाला सुचला नाही.

उखर्डू रनर पायरीवर बसून ऐकत होता.
त्याच्या आधीची तीन गेली,
म्हणून आईनं त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचललेलं,
नाव असं दिलेलं की मरणालाही किळस यावी.
पायातला काटा काढत तो म्हणाला,
"नाव वाईट ठेवं ते मानूस जगस.
गावले आकडा दिधा ते गाव जगी का?"

मला भागाकार येतो.

आणि पिंपऱ्या तरी किती!
बुद्रुक, खुर्द, सीम, प्रगणे डांगरी,
एक तापीच्या अंगाला, एक पांझऱ्याच्या.
सुरतेच्या गिरणीतली मुलं नुसतं 'पिंपरी' लिहायची,
खाली 'चिंचेजवळचं घर'.
चिंच कुठल्या पिंपरीत नाही?

भागाबाई आमची, बुद्रुकची, कुंभारवाड्यातली.
तिच्या रतनचं कार्ड एकदा खुर्दला गेलं.
तिथंही भागाबाई, तिथंही चिंच,
फक्त तिला मुलगा नव्हता.
कुणीतरी वाचून दाखवलं:
ताप उतरला, काळजी करू नको,
खाणावळीचा भात अजून पचत नाही.
दुसऱ्या दिवशी ती भाकरी बांधून
चार कोस चालत आली, कार्ड पदरात,
आणि ते हातात द्यायच्या आधीच विचारलं,
"आते जेवस का तो?"

दिवाळीनंतर चौकटी छापलेली पत्रं आली.
मी पोरांकडून आकडे घोकून घेतले,
भिंतीवर गेरूनं लिहिले, वीतभर उंच,
सुरतेला रतनला कळवले.
आठव्या दिवशी येणारं पत्र पाचव्या दिवशी येऊ लागलं,
हे खरं आहे, ते मी नाकारत नाही.
तपासणीला आलेले साहेब
वहीत 'समाधानकारक' लिहून, पाणी पिऊन गेले.

आखाजीला खुर्दची भागाबाई आली.
बाया झोक्यावर होत्या, गाणी चालली होती,
ती सरळ डाकघरात.
"मास्तर, आते चिठ्ठी चुकस नही का?"
नाही.
"येखांदी बी?"
मी भिंतीकडे बोट केलं.
तिला वाचता येत नव्हतं,
तरी बराच वेळ ती त्या गेरूकडे बघत राहिली,
एखाद्या नव्या देवाकडे बघावं तशी,
ज्याचा नवस अजून कुणाला माहीत नाही.

दिवे लागायच्या वेळी आमची भागाबाई कार्ड घेऊन आली.
खाली बसली. लिखा, म्हणाली.
पाऊसपाणी, शेळी व्याली, धाकटीचं बघणं चाललंय.
मग थोडं थांबून,
"अन् लिखा, येक चिठ्ठीवर आकडा टाकू नको."
का गं?
"तिले बी कळाले पाहिजे ना,
तो जेवस का नही ते."

मी सरकारी माणूस. भत्ता थोडा, पण शिक्का खरा.
दौतीत टाक बुडवून तसाच धरला,
एक थेंब परिपत्रकावर पडला.
मग तिनं सांगितलं ते लिहिलं, शब्द न बदलता,
आणि कार्ड उलटं करून रतनचा पत्ता घातला,
सुरतेचा,
सहाच्या सहा चौकटी नीट भरून.