डावं दार

हर्षालीने गाडीचे दोनशे बारा फोटो काढले.
चाकाखालून, डिकीतून, डॅशबोर्डच्या फटीतून,
ऐन मे महिन्यात, दुपारी, पत्रा चटके देत असताना.
मी म्हटलं, विकून टाकतेस का काय?
ती म्हणाली, पप्पा, थांबा तर.

आणि काल रात्री, कूलरसमोर, लॅपटॉपच्या पडद्यावर
उभी राहिली आमची पांढरी मारुती,
एमएच एकोणीस,
कुठल्याशा देशात, जिथे रस्त्याला खड्डा नाही
आणि नंबरप्लेटवर भुरभुर बर्फ पडतोय.
मागच्या काचेवर माझीच पाटी:
भारंबे मोटार रिवाइंडिंग, सावदा रोड, फैजपूर.
मोबाइलचे शेवटचे दोन आकडे उन्हाने उडालेत,
तिने ते उडालेलेच ठेवलेत.
बाकीच्या सात गाड्या चपट्या, रंगीत, रस्त्याला पोट लावून बसलेल्या.
त्यांच्यात आमची,
कोणाच्या लग्नात दुकानातून थेट आलेल्या माणसासारखी.

बाणांची चार बटणं.
तीस वर्षं तांब्याची तार गुंडाळणारी,
गप्पा मारता मारता वेढे मोजणारी माझी बोटं
चार बटणांवर घामेजली.
तीन, दोन, एक.
सगळे गेले.
मी आधी आरशात बघितलं, मग निघालो.

ताशी एकशे चाळीस!
खरी गाडी सत्तरला दारं वाजवते,
मागे पाच एचपीची मोटार असली तर पन्नासलाच.
इथे मागची सीट जागेवर.
ती मी दोन हजार नऊ साली काढून माळ्यावर टाकली होती.
आता दिसली तशी मान वळवून मागे बघितलं,
म्हणजे खरोखरची मान, खुर्चीत बसल्या बसल्या.
मागे कॉट होती, आणि इस्त्रीचे कपडे.
वार्निशचा वास नाही. तेवढा नाही आणता आला तिला.
पेट्रोलचा काटा मात्र अर्ध्यावर अडकलेला,
बरोब्बर.

आवाज तिने अंगणातच रेकॉर्ड केला होता.
टॅपेटची टिकटिक, सायलेन्सरचा खोकला,
आणि आकडा तीन हजारांपुढे गेला
की इंजिनाच्या आतून कुमुद ओरडते:
"बंद करा ती गाडी, पापड वाळताय!"
दर वळणानंतर. घाटात. बर्फात.
पापड वाळताय.
शेवटी खरी कुमुद ओट्यावरून हात पुसत आली,
म्हणाली, मी कुठे काय बोलली?

मग एक वळण मला कळलंच नाही.
भिंत. बोनेट चेपलं, बंपर उडून गेला दरीत.
हर्षालीने वाकून एक बटण दाबलं
आणि गाडी पुन्हा रस्त्यावर, धुऊन पुसून नवी.
नवी म्हणजे तशी नाही.
डाव्या दाराचा पोचा होता तिथेच.
परत धडकलो, परत बटण, परत पोचा.
तो मुळातच काढलेला आहे पप्पा, ती म्हणाली,
तो जात नाही.

दोन हजार सोळा. सोसायटीच्या गोडाऊनचा खांब.
घरात, दुकानात, सासुरवाडीला, सगळ्यांना मी सांगितलंय
की माझ्याच हातून लागली, म्हैस आडवी आली.
कोणी जास्त विचारलं तर म्हैससुद्धा सांगतो,
एक शिंग मोडकं, कपाळावर पांढरा ठिपका.
हर्षाली तेव्हा पंधराची, क्लच सोडायला शिकत होती.
घरी येईपर्यंत दोघं एक शब्द बोललो नाही,
आणि नंतरही राहूनच गेलं.

आता चष्मा पुसून पडद्याजवळ गेलो.
पोच्याच्या खालच्या कडेला
खांबाचा पिवळा रंग.
एवढीशी रेघ, बोटभर.
ती मी त्याच संध्याकाळी, दिवा न लावता,
थिनरने घासून काढली होती.
दोनशे बारा फोटोंत ती कुठेही नसणार.

मी काही म्हटलं नाही. गाडी रस्त्यावर घेतली,
उरलेलं अंतर डाव्या बाजूने, सावकाश.
आठ गाड्यांत आठवा आलो.

कुमुदने आतून विचारलं, जिंकले का?

हर्षाली म्हणाली,
म्हैस आडवी आली.