शुक्रवारपर्यंत कळवा

पत्र आलंय, सोळा पानांचं.
चौथ्या पानावर पगार, कापून कापून दाखवलेला,
नवव्यावर नोटीस, नव्वद दिवसांची,
आणि अगदी वर, ठळक अक्षरांत, तो शब्द
ज्याच्यासाठी आई दर सोमवारी कपिलेश्वराला जाते:
कायम.

सध्या मी तासावर आहे.
तासाचे पैसे बरे पडतात, खोटं कशाला बोलू.
सहा महिन्यांचा करार, मग पुढचे सहा,
असं करत पाच वर्षं झाली,
पाचही वर्षं तात्पुरता.
बेंगळुरात ऑफिसला गेलो की गळ्यात केशरी फीत.
कायमवाल्यांची निळी.
केक कापताना आम्हालाही बोलावतात;
फोटोत कडेला उभं राहायचं, हे कुणी शिकवत नाही.

मधे एकदा एक्केचाळीस दिवस काहीच आलं नाही.
आई शेजारी सांगायची,
"रजेवर आलाय की गे, रग्गड रजा साठलीय त्याची."
मला रजा नसतेच.
हे मी तिला सांगितलं नव्हतं.

खाली लुमाण्णामामाचा माग.
साडीमागे मजुरी. वीज गेली की मजुरी गेली.
रात्री माझी मीटिंग चालू असते
आणि त्याचा खडखडाट थेट अमेरिकेत ऐकू जातो.
"तिकडे पाऊस आहे का?" ते विचारतात.
मी हो म्हणतो.
वडगावात माझ्यामुळे वर्षभर पाऊस पडतो.

मामाला विचारलं, कुठं कायम लागावं असं वाटलं नाही काय?
त्यानं तुटलेला धागा जोडला, टोक दातानं तोडलं.
"तुझा बा होता की कायम."

बाबा उद्यमबागेत, फाउंड्रीत, मोल्डर. बावीस वर्षं.
एका सकाळी गेटावर कागद चिकटवलेला, कानडीत.
बाबांना कानडी बोलता येतं, वाचता येत नाही.
ठेकेदाराच्या एका पोरानं सायकल थांबवून वाचून दाखवलं.
यादीत त्याचं नाव नव्हतं. कधीच नव्हतं.
फंड निघायला तीन वर्षं गेली.
तरी बाबा म्हणतात, "घे बाबा. बावीस वर्षं एक तारखेला पगार झाला,
ते काय कमी काय?"
कमी नाही.

येळ्ळूरला स्थळ बघायला गेलो
तर मुलीच्या काकांचा पहिला प्रश्न,
"कॉम्प्युटरात हाय ते कळलं. परमनंट हाय काय ओ?"
मी घसा खाकरला.
भाग्यश्री मधेच म्हणाली, "मी तरी कुठं आहे, काका?
गेस्ट लेक्चरर. दरवर्षी नवीन ऑर्डर."
तिच्या आईनं तिच्याकडे असं बघितलं की
मला ती तिथंच आवडली.

तसं आमच्या गल्लीत हा शब्द जपूनच वापरतात.
आम्ही कुठल्या राज्याचे, हेच अजून तारखेवर आहे.
तेवढ्यात लोकांनी घरं बांधली, वाटण्या केल्या,
काही मेलेही, निकालाआधी.
कुणी भिंत अर्धवट ठेवली नाही.

आज शुक्रवार. दुसरं रेल्वे गेट पडलंय.
पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे रिक्षा, खिशात फोन वाजतोय.
"सर, काय ठरलं मग?"
मालगाडी आली. मी डबे मोजतोय.
"खूप आवाज येतोय. पाऊस आहे का तिकडे?"

नाही, म्हणालो, गाडी आहे.
जाऊ दे, मग सांगतो.

बेचाळीस. त्रेचाळीस.