काळं फळ

आमच्या गावात झाड नव्हतं.
एकही नाही. खडक, शेवाळ, बावीस घरं
आणि टेकाडावरचं लाल लाकडी चर्च,
वारा सुटला की त्याची घंटा आपसूक वाजायची.

म्हणून धर्मशिक्षक एनोक जेव्हा
वेलीचा आणि फाट्यांचा तो उतारा वाचायचे
तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली यायचा,
कधी न भेटलेल्या नातेवाइकाविषयी सांगताना येतो तसा.
द्राक्षं आम्ही पाहिली होती. वर्षातून दोनदा
बोटीतून यायची, सुरकुतलेली, सीलच्या कातड्याहून महाग.
"पण फाटा म्हणजे काय?" मी विचारलं.
नऊ वर्षांची होते. पुढचा दात पडलेला.
एनोकनी पुस्तकातून मान वर केली,
खिडकीबाहेर पाहिलं, पाहतच राहिले.
ग्रीनलँडचं सगळं आभाळ होतं तिथे,
दाखवण्यासारखं काही नव्हतं.

बोलेथे त्याही रविवारी उशिरा आली.
कोटाला माशाचा वास. शेवटचं बाक.
ऐकू येणारा कान वेदीकडे वळवून बसली.
उपासनेआधी ती याकुआरकच्या कुत्र्यांना खाऊ घालायची,
मग त्याच्या चुलीत कोळसा, चुलीवर सूप,
वर झाकण, आणि दार लोटून निघायची.
अकरा वर्षं.
तोच याकुआरक, ज्याच्या घसरगाडीसकट
तिचा सेथ पातळ बर्फाखाली गेला.
गाडी हाकणारा वाचला. तो प्यायलेला होता
हे गावाला ठाऊक होतं. तिलाही.
अकरा वर्षांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.
वाटी मात्र रोज रिकामी असायची.

एकदा चर्चमध्ये मेणबत्त्या खरवडताना
मी तिला एनोकशी बोलताना ऐकलं.
"माझ्यात काहीच धरत नाही.
प्रार्थनेला बसले की डोळा लागतो.
आणि त्याला माफ केलंय का म्हणाल, तर नाही.
सूप ढवळताना वाटतं, मूठभर मीठ जास्त टाकावं.
कधी कधी टाकतेही."
एनोक हसले नाहीत.
"उद्या बादली घेऊन ये," एवढंच म्हणाले.
मला म्हणाले, "तूही."

उतारावर पार्नात पिकली होती,
काळी, मण्यांएवढी, घोट्याच्याही खाली.
उभ्याने ती दिसत नाहीत.
आम्ही तिघं ओल्या शेवाळात गुडघ्यांवर आलो.
एनोकनी पानं बाजूला सारली, आत एक काडी होती,
माझ्या करंगळीएवढी, वाकडी, सालीला चिरा.
"हिचं वय माझ्या वडिलांएवढं असेल.
वारा हिला वर जाऊ देत नाही,
म्हणून ही धरून राहते. बाकी काही करत नाही."
मग माझ्याकडे वळून: "हा फाटा."
बोलेथेने एक फळ तोंडात टाकलं, तोंड वाकडं केलं.
"आंबट आहे."
"थंडी कुठे पडलीय अजून," एनोक म्हणाले,
आणि बादली भरू लागले.

मे महिन्यात बर्फ पातळ झालं तेव्हा
मी तिच्याकडे दोरा मागायला गेले होते.
दारात याकुआरक उभा. हातात पत्र्याचा डबा,
डब्यात बर्फाखाली हिवाळा काढलेली पार्नात,
त्याच्या पँटीचे दोन्ही गुडघे चिखलाने काळे.
त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला,
गंजलेली कडी सरकावी तसा.
"काल सूप खारट होतं."

बोलेथे उंबऱ्यावर बसली.
हसत होती की दुसरं काही, मला कळलं नाही.
बऱ्याच वेळाने तिने डबा ओढून घेतला
आणि तिथेच खात बसली, ओठ काळे होईपर्यंत.
तो उभाच होता. मग तिने जरा सरकून जागा केली.
दोऱ्याचं मी विसरून गेले.

आता मी डेन्मार्कात राहते. शेजारी सफरचंदं आहेत,
फेब्रुवारीत म्हातारे होल्गर शिडी लावून फांद्या छाटतात,
कापलेल्या जागी पांढरा लाकडाचा वास सुटतो.
इथल्या चर्चमध्ये कुणी विचारतं, तुझ्या जीवनात फळ दिसतं का?
सगळे वर बघतात.
मला मात्र फळ म्हटलं की
आधी कुणाचे तरी गुडघे आठवतात.