डिअर, स्वल्पविराम

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
बावीस वर्षं मी पत्रं टाईप केली,
सगळी एकाच शब्दानं सुरू.
डिअर सर. डिअर मिस्टर ब्रान्ट,
तुमचे सहाशे डझन बोटीवर चढले,
रंग जाणार नाही.
तिकडून उत्तर: डिअर मिसेस येमूल,
रंग गेला.

पहिल्याच दिवशी गज्जमसाहेबांना विचारलं होतं,
ओळख ना पाळख, प्रिय कसं लिहू?
ते चष्म्यावरून बघत म्हणाले,
प्रिय नाही बाई,
दारात पायपुसणं असतं ना, तसं समज.
घरी येऊन दिराची डिक्शनरी काढली,
पानांना तंबाखूचा वास.
त्यात आणखी एक अर्थ होता: महाग.
हा मात्र लगेच पटला.

आमच्या बोळात नवऱ्याला हाक मारायची तीन भाषांत.
सासूबाई तेलुगूत एमंडी म्हणायच्या.
शेजारच्या गंगव्वाचं कन्नडातलं नुसतं री,
तेवढ्याशा अक्षरात
हाक, तक्रार, चहा झालाय, सगळं बसायचं.
मी मराठी शाळेतली, मी अहो.
आणि ते मला?
खोकायचे.
मी वळायचे.

दोस्तांना मात्र दिवसभर बे.
काय बे, कुठं होतास बे, खा की बे,
भज्याच्या गाड्यापाशी शेंगा वाटाव्या
तसा मूठमूठ वाटायचे.
घरात मी एका हाकेला महाग.

मग एका मार्चमध्ये, डांबर वितळायच्या दिवसांत,
त्यांच्या मालकाचं पत्र आलं, इंग्रजीत.
मोठ्या अक्षरांत टाईप केलेलं, डिअर अंबादास.
त्यांनी त्यावर बोट ठेवलं. हे काय?
म्हटलं, प्रिय.
मग पुढं चांगलंच असंल की, म्हणाले,
आणि बनियनला बोट पुसलं,
कागद मळू नये म्हणून.

पुढं स्वल्पविराम होता.
त्याच्या पुढचं मी मनात वाचलं,
मग मोठ्यानं. हळूहळू.
उद्यापासून येऊ नये, एवढंच होतं,
तीन परिच्छेदांत.

त्या रात्री ते गच्चीवर जाऊन बसले.
खाली आले तेव्हा साडेअकरा झाले असतील.
मी कडक भाकरी मोडत होते, पाठमोरी.
खोकले नाहीत.
म्हणाले, जेवलीस का बे?

ऐकू आलं होतं.
तरी मी वळले नाही.
म्हटलं, बघू,
परत म्हणतात का.